आर्मिदाच्या पिशवीतले डबे

कचऱ्याची पिशवी पारदर्शकच हवी, हा नियम ज्याने काढला त्याच्या घरात लपवण्यासारखं काही नसणार, असं एर्सिलियाचं ठाम मत होतं. सोमवारी कागद-पुठ्ठा, बुधवारी प्लास्टिक, शुक्रवारी काच. सकाळी सहाला पिशवी दाराबाहेर ठेवायची आणि सातपर्यंत कोणाकडे किती वाइन झाली ते साऱ्या गल्लीला कळायचं.

एर्सिलियाला वाइनची लाज नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं. ईस्टरपासून तिची बोटं आखडली होती. तोर्तेल्लीनी वळायची म्हणजे पिठाच्या इवल्याशा चौकोनात मांसाचं सारण भरून ते बोटाभोवती गुंडाळायचं. इथे तर कपाचा कानही धरवेना. आणि दर रविवारी मुलगा ओरेस्ते, सून आणि शेजारची आर्मिदा जेवायला ठरलेली. शेवटी ती बसने पलीकडच्या गावी जाऊन तयार तोर्तेल्लीनीचे डबे आणू लागली. रस्सा मात्र स्वतः करायची. आईच्या हातची चव म्हणून ओरेस्ते तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकायची कुठे? पहिल्यांदा तिने डबे ओल्या कचऱ्यात बटाट्याच्या सालांखाली दडपले. कचरा नेणाऱ्या नीवेसची नजर घारीची. तिने बादलीवर 'चुकीचा कचरा' अशी लाल चिठ्ठी डकवली आणि बादली होती तिथेच सोडून गेली.

म्हणून पुढच्या बुधवारी एर्सिलियाने चपला हातात घेऊन दोन डबे हळूच आर्मिदाच्या पिशवीत सरकवले. आर्मिदा एकटी राहायची, पिशवी अर्धी रिकामी. कोण बघतंय?

सगळ्यांनी बघितलं. डबा पुठ्ठ्याचा, त्याला प्लास्टिकची खिडकी आणि वर मोठ्या अक्षरांत 'तोर्तेल्लीनी'. प्लास्टिकच्या दिवशी पुठ्ठा दिसल्यावर नीवेस थोडीच सोडणार! आठपर्यंत लाल चिठ्ठीभोवती गल्ली जमली. आर्मिदा म्हणजे जत्रेत तोर्तेल्लीनी वळण्याचं पहिलं बक्षीस सलग अकरा वर्षं नेणारी बाई. बेकरीवाल्याच्या बायकोने तर बक्षिसं परत मागायला हवीत, असंही सुचवलं.

आर्मिदाने चिठ्ठी वाचली, डबे बघितले, क्षणभर एर्सिलियाच्या खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "माझेच आहेत. वय झालं आता."

पडद्याआड एर्सिलिया हे सगळं ऐकत होती. गप्प बसलं तर सगळं निभावणार होतं. पण आपली लाज दुसरीच्या दारात टाकली, हे तिला सहन होईना. ती ॲप्रनवरच बाहेर आली.

"तिचे नाहीत ते. माझे आहेत," ती म्हणाली आणि पुरावा म्हणून दोन्ही हात पुढे केले.

सगळ्यांनी त्या वाकड्या बोटांकडे बघितलं. बेकरीवाल्याच्या बायकोला घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. हळूहळू गल्ली रिकामी झाली.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," आर्मिदा म्हणाली. "पन्नास वर्षं तुझ्या हातचं खातेय. तुझ्या तोर्तेल्लीनीची घडी डावीकडे झुकते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून." तिने डब्यांच्या खिडक्या फाडून पिशवीत टाकल्या आणि पुठ्ठा एर्सिलियाच्या काखेत दिला. "हा सोमवारी, कागदात. खोटं काय बोलायचं ते बोल बाई, पण कचरा वेगळा करत जा. आणि शनिवारी सारण करून ठेव. वळायला मी येते."

रविवारी ओरेस्तेने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आज जरा जाड झाली, म्हणाला. गेल्या रविवारची काय फर्मास होती! अकरा बक्षिसं मिळवलेल्या आर्मिदाचा चमचा हवेतच थांबला.

"गेल्या रविवारची दुकानातली होती," एर्सिलिया म्हणाली. "त्याच्या आधीचीही. माझी बोटं चालत नाहीत, ओरेस्ते."

ओरेस्तेने चमचा खाली ठेवला. समोर बसून, ताट पुढे करून, इतके रविवार तो जेवत आला होता. आईचे हात त्याने आज बघितले. मग तो उठला आणि कोणी न सांगता भांडी घासायला लागला.