साखळीच्या खालच्या टोकाला

“सुट्टी म्हणे! शाळेत निदान मधली सुट्टी तरी असते,” असं पुटपुटत धाकटी माझ्यावर पाय देऊन बसली आणि तिची ओली चप्पल नेमकी माझ्या डोक्यावर आली. मी काही बोललो नाही. बोलता येत असतं तरी बोललो नसतो, कारण तिचं म्हणणं मला पटलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, बोटीचा. फाळ मलाही आहेत. पण ते तळाशी रुततात ते काही उगवावं म्हणून नाही, वरची माणसं वाहून जाऊ नयेत म्हणून.

मला घडवणाऱ्या लोहाराला त्या दिवशी सर्दी झाली होती. ऐन घावाला तो शिंकला आणि माझा एक फाळ जन्मभरासाठी जरासा वाकडा झाला. तरीही एका मासेमारी बोटीवर मी तरुणपण घालवलं. तिथला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मला वर घेतला की पाठीवर थाप मारून “शाब्बास रे वाकड्या” म्हणायचा. मग ती बोट मोडीत निघाली आणि मी भंगाराच्या आवारात जाऊन पडलो. माझ्या ज्या दांड्यानं वादळं पेलली, त्याच्यावर लोक पायमोजे वाळत घालायचे. सवय होते कशाचीही.

तिथून मला बाबांनी उचललं. बाबा म्हणजे भूगोलाचे मास्तर. आयुष्यभर फळ्यावर बेटं काढली आणि पुसली. शेवटी म्हणाले, आता खरी बघू. आई शिवणकाम करणारी. तिनं मशीन झाकलं, सुया मात्र बरोबर घेतल्या. थोरली आणि धाकटी या दोघी पोरींना कुणी विचारलं नाही. असे चौघं शिडाच्या एका छोट्या बोटीतून या बेटावरून त्या बेटावर हिंडू लागले आणि मी पुढच्या टोकाला टांगलेला.

या घराचा एक नियम होता. संध्याकाळी ताटं धुऊन झाली की प्रत्येकानं आज काय शिकलो ते एक वाक्य सांगायचं. सुटका नाही. पोरी कुरकुरत पण शिकत. पाण्याचा रंग वाचायला शिकल्या. निळं म्हणजे खोल, हिरवं म्हणजे जपून, तपकिरी म्हणजे खाली प्रवाळाचा खडक, मागे फिर. आई फाटलं शीड शिवायला शिकली. धाकटी बेटांवरच्या बाजारात, अनोळखी भाषेत, नुसत्या भुवयांनी भाव पाडायला शिकली. बाबांची पाळी शेवटी यायची आणि ते बहुतेक वेळा बाकीच्यांचं काय चुकलं तेच सांगायचे.

माझा धडाही त्यांनीच दिला होता, ओल्या वाळूत, चमच्याला सुतळी बांधून. सुतळी लांब सोडून आडवी ओढली की चमचा वाळूत घुसतो. आखूड धरून वर ओढली की टुणकन बाहेर येतो. “नांगराचंही असंच. साखळी सोडताना हात आखडायचा नाही,” ते म्हणाले. इतकं नीट मला माझ्याबद्दल आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे साखळी ओढायचा रहाट मोडला. “हातानं ओढू, तेवढाच व्यायाम,” बाबा म्हणाले. पहिल्या बेटावर मी झरझर वर आलो. नंतरच्या बेटांवर मी मध्येच थांबू लागलो. वर धापा ऐकू यायच्या. आई सहज आल्यासारखी यायची, तर “बाजूला हो गं, बोटं अडकतील.” थोरली यायची, तर तिलाही तेच. उजवा खांदा ते डाव्या हातानं दाबायचे आणि कुणी बघितलं की तिथं डास चावल्यासारखं खाजवायचे. सगळ्यांना दिसत होतं. आईनं मुकाट्यानं रोज तेल कोमट करायला सुरुवात केली. “कशाला हे?” ते विचारायचे. “उरलं होतं,” ती म्हणायची.

आणि दर मुक्कामाला साखळी जराशी कमी सुटू लागली. जेवढी कमी सोडावी तेवढी कमी ओढावी लागते. हा हिशेब वरच्यांत फक्त एकाच माणसाला माहीत होता. खाली मला.

त्या दुपारी आम्ही एका लहान बेटावरच्या डोंगराच्या आडोशाला थांबलो होतो. पाठीमागे हाकेच्या अंतरावर तपकिरी पाणी. डोंगरामागून ढग आला तो काळाभोर, आणि आडोसा म्हणून जी बाजू निवडली होती तिथूनच वारा सुटला. बोट मागे हटली, साखळी ताणली आणि माझा दांडा वर उचलला गेला. मी तळ ओरबाडत सरकलो. वाळू हाताला लागावी आणि निसटावी, तसं. ओरडायला मला तोंड नाही. साखळी करकरते तेवढीच.

पाण्याखाली मला वरचं सगळं साखळीतूनच ऐकू येतं.

“बाबा, झाड चालतंय!” धाकटी किंचाळली. किनाऱ्यावरचं एक नारळाचं झाड आणि मागचा पांढरा खडक एका रेषेत धरून ठेवायचे, रेष मोडली की बोट सरकतेय, हेही पोरींना बाबांनीच शिकवलं होतं.

“झाडं चालत नाहीत.”

“मग आपण चालतोय!”

इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. “भिजलंय मेलं,” आई ओरडली. “अहो, साखळी सोडा अजून!”

“पुरे आहे. धरेल तो.”

मी धरत नव्हतो, मित्रांनो. मी जीव तोडून सांगत होतो.

“बाबा, चमचा!” थोरलीचा आवाज फुटला. “तुम्हीच दाखवलात ना! आखूड सुतळीनं चमचा बाहेर येतो!”

“मला शिकवू नकोस!”

मग नुसता वारा. तपकिरी पाणी इतकं जवळ आलं होतं की लाट त्या खडकावर फुटलेली मला खाली ऐकू येत होती. बाबांचा हात साखळी अडवणाऱ्या खिट्टीवर होता आणि तो उघडत नव्हता. एवढ्यात त्या हातावर दुसरा हात आला. आईचा. सुईनं टोचलेली बोटं मी ओळखतो. दोन हातांनी मिळून खिट्टी ओढली.

साखळी धडधडत खाली आली. तिचं सगळं वजन तळाशी पसरलं, माझा दांडा आडवा झाला आणि पहिल्यांदा वाकडा फाळ रुतला, मग सरळ. लोहाराची शिंक कामाला आली. बोटीला एक हिसका बसला आणि झाड चालायचं थांबलं.

जुन्या वस्तूंना गंज चढू देऊ नका, तेलपाणी करा, असं शेवटी सांगायची आमच्यात रीत आहे. करा तेवढं. पण खरं मागणं वेगळं आहे. ज्याच्या भरवशावर झोपता त्याला पुरेशी साखळी द्या.

संध्याकाळी आत सगळं ओलं, म्हणून चौघं पुढच्या टोकाला, साखळीजवळच बसले. नियम तो नियम.

“काडेपेटीतल्या ओल्या काड्या केसांत खोचल्या तर सुकत नाहीत,” आई म्हणाली. “मी करून पाहिलं.”

“डोंगराचा आडोसा वारा फिरला की आडोसा राहत नाही,” थोरली खाली बघत म्हणाली.

“ओकायचं ते वाऱ्याकडे तोंड करून नाही,” धाकटीनं सांगितलं. “ताईला विचारा.”

कुणीतरी हसलं. ते हसू लगेच विरलं, कारण आता बाबांची पाळी होती. आई उगीच पदर पिळत राहिली. मला हे सगळं स्पष्ट कळत होतं, कारण बाबांनी उजवा हात साखळीवर टेकवला होता. त्याचा भार कडीकडीनं माझ्यापर्यंत येत होता.

“आज मी...” ते म्हणाले आणि थांबले. “आज नाही शिकलो. मला आधीच ठाऊक होतं.”

त्यांनी साखळीची एक कडी चाचपली.

“माझ्याच्यानं साखळी ओढवत नाही गं आता.”