यादीतलं नाव

बिरोबाच्या वाडीतलं देशी दारूचं दुकान राहणार की जाणार, ते आज बायका ठरवणार होत्या आणि सरूबाई सकाळपासून चार वेळा फाट्यावर जाऊन आली होती. शाळेत मतदान चाललं होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. इथवर सगळं सोपं होतं. मेख पुढंच होती. आलेल्या बायकांचं बहुमत चालणार नव्हतं. यादीत जेवढ्या बायकांची नावं, त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर पडायला हवे होते. जी आली नाही ती दुकानाच्या बाजूची, मग ती मेलेली का असेना.

आणि वाडीच्या यादीत चारशे एकतीस बायका होत्या. राहत होत्या साडेतीनशे. उरलेल्यांतल्या काही देवाघरी गेलेल्या, पण सत्तरेक तर चांगल्या जित्याजागत्या लेकी होत्या, लग्न होऊन तळेगाव, यवत, पार भिगवणपर्यंत गेलेल्या. त्यांची नावं कुणी काढली नव्हती. खरं सांगायचं तर काढू दिली नव्हती, आणि ही करामत सरूबाईच्याच नवऱ्याची, म्हस्कूआबाची. दोनदा सरपंच झालेला माणूस. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की जीपगाड्या लावून माहेरवाशिणी आणायच्या, मटण-भाकरी खाऊ घालायची, मत घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत सासरी पोचवायचं. "पोरगी दिली तरी गावचीच असती," असं तो पारावर बसून मिशीला हात लावत सांगायचा. त्या वेळी सरूबाईही हसायची. आता तीच नावं तिच्या उरावर बसली होती.

तिनं आणि शेजारच्या साखरबाईनं महिनाभर फोन लावले होते. सुनेचा मोबाईल घ्यायचा, गच्चीवर रेंज शोधायची आणि एकेका लेकीला विनवायचं. कुणाला कांदे काढायचे होते, कुणाची सासू सोडत नव्हती, कुणी "बघते" म्हणाली. यवतला दिलेली मोनिकाही "बघते"च म्हणाली. मोनिका सरूबाईची स्वतःची लेक, आणि तिच्या त्या एका शब्दानं सरूबाईची झोप उडाली होती.

दारू सरूबाईला नवी नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात दोनशे मेंढरं होती. वर्षातून एकदा लोकर कातरली की माळावर मडकं यायचं, गडी प्यायचे, बिरोबाच्या नावानं ओव्या म्हणायचे आणि तिथंच आडवे व्हायचे. पुढच्या वर्षापर्यंत कुणाला आठवणही नसायची. मग मेंढरं गेली, पाणी आलं, ऊस आला, रांजणगावला कंपन्या आल्या. चौऱ्याण्णव साली वाडीत परवान्याचं दुकान आलं तेव्हा म्हस्कूआबानंच नारळ फोडला होता. नंतर हायवेला परमिट रूम झाले, कंपनीतली पोरं थंड पेय प्यावं तशी बियर पिऊ लागली. परवाच्या सभेत मच्छिंद्र गुरुजींनी पेपर वाचून दाखवला, की सगळ्या देशातच दारूचा खप वाढत चाललाय. सरूबाई उठून म्हणाली, "देशाचं मला ठावं न्हाई, गुरुजी. आमच्यात आधी सणाला प्यायचे. आता प्याले न्हाईत तर सण वाटतो." बायका खळखळून हसल्या. ती खाली बसली तेव्हा तिला मात्र हसू आलं नाही.

कारण त्याच सभेत ती आणखीही बोलली होती. प्रत्येक सभेत बोलत होती. "पिणाऱ्याचा मार खाऊन गप बसायचं न्हाई. असल्या घरात नांदण्यात कसलं पुण्य न्हाई." बायका माना डोलवायच्या, साखरबाई टाळ्या वाजवायची आणि सरूबाईला आतून शरमेनं मेल्यासारखं व्हायचं.

चार वर्षांपूर्वी मोनिका अशीच दुपारची आली होती. दंडावर निळा वळ, कडेवर सहा महिन्यांची लेक, प्रगती. सरूबाईनं तिला चहा दिला, वळाला तेल चोळलं आणि तीनच्या जीपमध्ये बसवून दिलं. "नवरा पितो म्हणून कुणी माहेरी बसतं व्हय? कोणचा गडी पीत न्हाई? तुझ्या आबांना चार माणसांत तोंड दाखवायचं असतं."  त्यानंतर मोनिका वाडीत आली नाही, जत्रेला नाही की दिवाळीला नाही. आबांनी निवडणुकीला जीप पाठवली होती, ती रिकामी परत आली.

चार वाजले. मतदान पाचला संपणार होतं. सरूबाई पाचव्यांदा फाट्यावर आली. टपरीवरचा चहा तिनं अर्धाच प्यायला. एक जीप आली, त्यातून तिघी लेकी उतरल्या, पाया पडून शाळेकडं पळाल्या. दुसरी आली, त्यात कारेगावचे कामगार. साडेचारला यवतकडची जीप थांबली आणि मागच्या बाजूनं आधी एक भली मोठी पिशवी खाली आली, मग चार-साडेचार वर्षांची पोरगी, मग मोनिका.

मोनिका वाळली होती. सरूबाईनं हात पुढं केला, पण तिनं पिशवी दिली नाही.

"किती वाजता संपतंय?" तिनं विचारलं.

"पाचला. चल बिगीबिगी."

"थांब, आई. मला आधी एक सांग." मोनिकानं प्रगतीचा हात घट्ट धरला होता. "साखरमावशी फोनवर सांगत हुती, तू सभेत काय काय बोलतीस ते. पिणाऱ्याचा मार खायचा न्हाई म्हन. ते मला लागू हाय का गावातल्या बायकांनाच?"

सरूबाईनं पिशवीकडं पाहिलं. एका दिवसासाठी कुणी एवढी पिशवी आणत नाही. शाळेच्या फाटकाशी म्हस्कूआबा चार पुढाऱ्यांबरोबर उभा होता आणि इकडंच पाहत होता. इतके दिवस तिला लेकीच्या मताची काळजी होती. ही काळजी लेकीची होती, आणि खरं तर चार वर्षं ती हिलाच चुकवत आली होती. तिला रडू आलं. ते तिनं पदरानं पुसलं, लपवलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पिशवी इकडं दे. तू जा, शिक्का मारून ये."

मोनिकानं पिशवी सोडली. सरूबाईनं ती डोक्यावर घेतली, नातीला बोटाला धरलं आणि फाटकासमोरून, पुढाऱ्यांसमोरून, घराकडं चालू लागली.

निकाल दिवेलागणीला कळला. म्हस्कूआबा चपला काढतानाच म्हणाला, "दोनशे सात पडली. दोनशे सोळा पायजे हुती. ऱ्हायली बाटली उभी." त्याच्या आवाजात ना आनंद होता ना दुःख, आणि तोंडाला नेहमीचा वास येत होता. सरूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. नऊ मतं. मेलेल्याच अकरा होत्या यादीत. तिच्या हातातली भाकरी फाटली, तिनं ती पुन्हा मळायला घेतली.

आबानं आत डोकावून पाहिलं. मोनिका प्रगतीला भरवत होती. कोपऱ्यात पिशवी उघडी होती आणि लेकीचे कपडे दोरीवर टाकलेले.

"ही कवा जायाची?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "मत झालं न्हवं? उद्या सकाळी जीप सांगतो."

"जीप सांगू नका."

"अगं, लोकं काय म्हनतील? दिलेली पोरगी..."

"तुम्हीच म्हनता न्हवं, पोरगी दिली तरी गावचीच असती? धा वर्सं तिचं नाव यादीतनं काढू दिलं न्हाई तुम्ही." सरूबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून पाहिलं. "नाव हितं हाय, तर ती हितंच ऱ्हाईल. आन् तुम्हाला पिऊन यायचं आसंल, तर तुमचं आथरून भायेर सोप्यात टाकते. आत माझी लेक झोपनार हाय."

 आबानं स्वतःच खुंटीवरची घोंगडी काढली आणि सोप्यात नेऊन टाकली.