चौसष्ट चमचे

मॅडम, तुमच्या आहाराच्या वहीत चार रकाने आहेत. वेळ. काय खाल्लं. किती. आणि चौथा, सगळ्यांत रुंद: आज प्रेरणा कशातून मिळाली?

पहिले तीन मी वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे दहा महिने, न चुकता भरते आहे. चौथा कोरा. काल तुम्ही त्यावर लाल पेनाने लिहिलंत, "हाही भरा ना! फार महत्त्वाचा आहे." ठीक आहे, भरते. पण मी सहाशे माणसांच्या कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य आचारी आहे. मला थोडक्यात काही करता येत नाही. रकान्यात मावणार नाही, रेघा ओलांडल्या जातील. आधीच सांगून ठेवते.

मंगळवार

सकाळी सहा. उकडलेलं अंडं. एक. प्रत्येक घास वीस वेळा चावून, शेवटचा एकवीस वेळा, तुमच्यासाठी.
साडेदहा. दही. अर्धी वाटी.
दीड. उकडलेली कोंबडी. तीन तुकडे, बोटाच्या पेराएवढे.
संध्याकाळी सात. मासा. तळहाताच्या निम्मा.
प्रेरणा: मिळाली नाही. शोधायला वेळही नव्हता, चार पोती बटाटे सोलायचे होते.

वजन एकशेआठ. काटा तिथेच अडल्याचा सहावा आठवडा.

बुधवार

तेच. तेवढंच. एकशेआठ.

प्रेरणा: नणंद. फोनवर म्हणाली, "वहिनी, तू आपला सोपा रस्ता धरलास. आम्ही बिचाऱ्या चालून चालून मरतो."

सोपा. पोटाचे चार वाटे केले तर त्यातले तीन कापून टाकले. पहिले दोन आठवडे घोट घोट पाणी आणि पाण्यासारखंच काहीतरी. तिसऱ्या महिन्यात केस ओंजळीने गळले. आजही एक घास जास्त झाला की छातीत दगड बसतो आणि तो खाली उतरेपर्यंत मी कोठीच्या भिंतीला पाठ लावून घाम पुसत उभी असते. हा सोपा रस्ता असेल तर अवघड रस्त्यावर लोक काय करतात, डोंगर चावतात?

यातलं मी तिला काहीच म्हटलं नाही. म्हटलं, "हो गं, फारच सोपा. ये, तुझंही नाव घालून ठेवते." फोन तिनेच ठेवला.

गुरुवार. आज रकाने नाहीत.

नवरा जेवत होता. मी समोर माझी वाटी घेऊन. ही वाटी आमच्या लेकीची, ती रांगत होती तेव्हाची.

"कारखान्याचे साहेब तुला स्टोअरची जागा देतायत म्हणे," नवरा म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. खुर्चीचं काम आहे. आलेला माल उतरवून घ्यायचा, किल्ल्या सांभाळायच्या."

"मी आचारी आहे."

"दारुड्याने गुत्त्यात नोकरी करावी तशी आचारी आहेस. दिवसभर अन्नात उभं राहून वजन उतरतं होय?"

"अहो, एकशेएक्केचाळीसचे एकशेआठ झाले, ते काय मी वाचनालयात बसून केले?"

"आणि आता दीड महिना?"

मी वाटीचा तळ खरवडला. तो ताटातलं चिवडत बसला आणि मग म्हणाला, "तुला आत नेलं तेव्हा मी बाहेर चार तास त्या दाराकडे बघत बसलो होतो. ते सगळं वाया नाही घालवायचं मला."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी गप्प बसणारी असते तर सहाशे माणसांचं कॅन्टीन चाललंच नसतं.

"बारा तारखेला मॅडमकडे वजन आहे," मी म्हटलं. "काटा हलला नाही तर तेराला स्टोअरची किल्ली घेते. हलला, तर हा विषय या घरात परत निघणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मग भांडी आवरताना हिशेब केला. तेरा दिवस. बावीस वर्षं मी त्या चुलींसमोर काढली आहेत. भाताचं पाणी आटलं की मला आवाजावरून कळतं. आणि मी ते सगळं एका काचेच्या काट्यावर पणाला लावून मोकळी झाले होते.

शुक्रवार, शनिवार, रविवार

अंडं अर्धं. तीन तुकड्यांचे दोन. कॅन्टीनहून घरी चालत, वर चार मजले जिन्याने. रविवारी तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, कठडा धरून बसले.

एकशेआठ. एकशेआठ. एकशेआठ.

प्रेरणा: काटा खिडकीबाहेर फेकावासा वाटणं. ही चालते का?

(खाली तुमची लाल शाई, सोमवारची: "अंडं अजिबात कमी करायचं नाही!! प्रथिनं आधी. काही नोंदवायचं राहून जातंय का? शांतपणे आठवून बघा.")

सोमवार

चोर म्हणता मला?

दहा महिन्यांत एक बिस्किट लपवलेलं नाही. लेकीच्या वाढदिवसाला केकची प्लेट हातात धरून, फोटो काढून, तशीच्या तशी खाली ठेवणारी बाई आहे मी. माझ्या लेकीच्या वयाच्या तुम्ही, आणि मला म्हणता आठवून बघा. बघितलं. काही राहिलेलं नाही.

प्रेरणा: राग. अंडं पूर्ण खाल्लं.

मंगळवार

राहिलं होतं.

सकाळी अकराच्या गडबडीत चमचा घ्यायला हात घातला तर ट्रे रिकामा. भांडी घासणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, चमचे कुठायत?"

"थांबा की जरा. तुमचेच घासतेय."

"माझेच म्हणजे?"

"मग कोणाचे? बाहेर सहाशे माणसं माणशी एक चमचा खराब करतात. तुम्ही एकट्या साठ-सत्तर. मी काय कधी बोलले का? आज विचारलंत म्हणून सांगतेय."

मॅडम, तुम्हाला आमच्या कामाची पद्धत माहीत नसेल. तोंडाला लागलेला चमचा परत पातेल्यात जात नाही. माझा पहिला नियम. दर वेळी नवा चमचा. दुसरा नियम: चमचा भरूनच चाखायचं, टोकावरच्या थेंबात मिठाचा अंदाज येत नाही. सूप उकळताना एकदा, मलई घातल्यावर एकदा, उतरवताना एकदा, वाढण्याआधी एकदा, शंका आली की आणखी एकदा. अशी सहा पातेली. सकाळपाळी, दुपारपाळी.

मावशींना म्हटलं, "आजचे माझे चमचे बाजूला ठेवा. घासू नका."

पाळी संपल्यावर मोजले. चौसष्ट.

मग मी मापाचं भांडं घेतलं आणि तोच चमचा भरभरून चौसष्ट वेळा पाणी ओतलं. मावशी ओले हात कमरेवर ठेवून बघत होत्या. पाणी पाऊण लिटरच्या रेघेवर गेलं. माझी पोटाची पिशवी दीडशे मिलिलिटरची, तुम्हीच चित्र काढून दाखवलीत. पाच वेळा भरेल. आणि यातलं पाणी काहीच नसतं. मलईचं सूप, लोण्यातला रस्सा, दुधाचं गोड. पातळ, मऊ, कुठेही न अडकता खाली उतरणारं. छातीत दगड बसला असता तर मला कळलं तरी असतं.

"एवढं तर मी दिवसभरात जेवत नाही," मावशी म्हणाल्या.

मी चोर नाही, हे अजूनही म्हणते. सुतार फळी ठोकून बघतो तेव्हा तो फळी खातो असं कोणी म्हणत नाही. चाखणं माझं काम होतं, खाणं नव्हतं. वहीत कामाचा रकाना नाही.

पण पोटाला कुठे कळतं मी पगारावर गिळतेय ते.

प्रेरणा: शरम. मग रात्रीपर्यंत परत राग. या वेळी तुमच्यावर नाही.

बुधवार

फोनवर तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर सापडलं! मग काही महिने स्वयंपाकघरापासून लांब राहून बघू या का?"

उत्तर इथे लिहिते, चारही रकान्यांवरून आडवं:

ना        ही

घरी अजून काही सांगितलेलं नाही. चमच्यांचं कळलं तर नवरा आजच किल्ली आणून देईल.

उद्यापासून नवी पद्धत. मीठ मुठीने नाही, वजन करून. चाखायला चहाचा छोटा चमचा, अर्धा. एका पातेल्याला दोनदा, बस्स. बाकी नाकाने, कानाने, डोळ्यांनी. आणि एक जीभ उसनी: मावशींची.

"मी?" मावशी म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं?"

"तोंड आहे ना?"

"ते आहे."

"मीठ कसं आहे सांगा."

"आहे."

"किती आहे?"

"आहे तेवढं आहे."

शुक्रवार

सकाळी सात. अंडं. एक.
साडेदहा. दही. अर्धी वाटी.
चाखलं: चौदा छोटे चमचे. (आता लिहितेय. रकाना नाही, समासात.)

आणि सूप खारट झालं.

थोडंथोडकं नाही. वजनाचा हिशेब जाड मिठाचा होता, बरणीत निघालं बारीक. बारीक मीठ मापात जास्त बसतं हे मला माहीत आहे, पण वजन तर वजनच, म्हणून निर्धास्त होते. मग गडबडीत वजन सोडून वाटीनेच दोनदा टाकलं, आणि वाटीत बारीक मीठ जास्त मावलं. मुळात हात सवयीवर गेला आणि जीभ पहाऱ्यावर नव्हती. माझा दुय्यम आचारी, ज्याला आम्ही घड्याळ म्हणतो कारण त्याची नजर कायम भिंतीवर असते, तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, चाखा ना पहिल्यासारखं. इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय," म्हटलं.

बाहेर ताटं आपटायला लागली होती. बावीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. ॲप्रन न काढता बाहेर गेले. वेल्डिंगवाल्यांच्या टेबलावरून एक जण ओरडला, "ताई, पोट कापलं, तेव्हा जीभ पण कापली काय?"

हशा पिकला. सहाशे माणसांचा हशा.

"जीभ शाबूत आहे म्हणून तर उत्तर देतेय," मी म्हटलं. "सूप मी बिघडवलं. दुसऱ्या कोणी नाही. ज्यांना नको त्यांनी वाट्या परत द्या, त्याच्या बदल्यात अंडी उकडतेय. वीस मिनिटं. आणि तू रे, तुझा जोड कधी सुटला नाही का?"

त्याच्या शेजारचाच म्हणाला, "गेल्या आठवड्यात दोनदा!" आता हशा त्याच्यावर. मी आत आले. शंभर अंडी उतरवली. स्वतः चमचा उचलला नाही.

प्रेरणा: कसली प्रेरणा, मॅडम? तुम्हाला वाटतं ती सकाळी खिडकीतून उन्हासारखी येते. आज आली असती तर ताटांचा आवाज ऐकून जिन्यातूनच पळाली असती. मी पळाले नाही. याला तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर रकान्यात तो छापा.

शनिवार ते मंगळवार

चाखलेले चमचे: सत्तावीस. एकोणीस. चौदा. अकरा.

(सत्तावीस, कारण शनिवारी घाबरले होते.)

मंगळवारी रश्श्याचं पातेलं उतरवताना मावशींनी चमचा तोंडात फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर. मिरी मागे राहिलीय."

मी चाखून बघितलं. मिरी मागे राहिली होती. घड्याळ भिंतीकडे बघायचं विसरला.

बारा तारीख

नवरा बरोबर आला होता. तुमच्या खोलीत तो काट्याच्या इतका जवळ उभा राहिला की तुम्हाला म्हणावं लागलं, "काका, तुमचा पाय काढा, तुमचंही वजन धरतोय तो." चपला काढल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं. कानातलं काढणार होते, मग म्हटलं, नको, ते माझंच वजन आहे.

एकशेसहा पूर्णांक नऊ.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी म्हटलं, टाळ्या नकोत, अकराशे ग्रॅम आहेत, बटाट्यांत मोजले तर पाच-सहा बटाटे. तुम्ही हसलात. पण मला खरंच नको होत्या. टाळ्या वाजल्या की माणूस पुढच्या टाळ्यांची वाट बघतो. पुढच्या महिन्यात काटा परत अडला तर कोण वाजवणार?

नवरा एवढंच म्हणाला, "हलला."

परत जाताना बसमध्ये मी त्याला चमच्यांचं सगळं सांगितलं, चौसष्टपासून अकरापर्यंत. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा म्हणाला, "मग साहेबांना स्टोअरचं काय सांगायचं?"

"ज्याने मागितली त्यानेच जागा परत करावी."

त्याने मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"साहेबांना माझी काळजी वाटायला लागली तेव्हाच कळलं. बावीस वर्षांत त्यांना फक्त जेवणाची वाटलीय."

तो हसला नाही. "चुकलं असेल माझं," म्हणाला.

"घाबरला होतात. मीही होते. उतरा आता, स्टॉप आला."

तेरा तारीख

सकाळी सहा. अंडं. एक.
साडेदहा. दही. अर्धी वाटी.
दीड. कोंबडी. तीन तुकडे.
सात. मासा.

चौथ्या रकान्याचं डोकं मी खोडलंय. पुढच्या सगळ्या पानांवरचंही, पट्टी लावून, तुमच्याच लाल पेनाने. तुमच्या टेबलावरून उचलला, पुढच्या वेळी परत देईन. तिथे आता लिहिलंय: चमचे.

आज: दहा.

उद्या बारा होतील, नाहीतर नऊ. उद्याचं उद्या लिहीन. कॅन्टीनमधूनच लिहीन.