‘फोर्तुनाता’ कोणी बुडवली

आमच्या बेटावर आडनावं दोनच आहेत, म्हणून पोस्टमनची सोय व्हावी यासाठी प्रत्येक घराला टोपणनाव असतं. एक घर ‘बोकड’, एक ‘दीडशहाणे’. एका घराला नुसतंच ‘अरेरे’ म्हणतात, का ते त्यांनाही माहीत नाही. आम्ही ‘उजवे’.

हे नाव आम्हाला १८६९ साली पडलं. त्रिएस्तेहून अलेक्झांड्रियाला निघालेलं ‘फोर्तुनाता’ जहाज पोटात लाल तुर्की टोप्या भरून आमच्या खाडीसमोरून चाललं होतं. उजव्या हाताला ‘म्हातारीचा दात’ नावाचा खडक होता. वाटाड्या म्हणून जहाजावर घेतलेले माझ्या आजोबांचे पणजोबा बार्तुल पुढे बघून मोठ्याने ओरडले, “उजवीकडे!” जहाज उजवीकडे वळलं. खडक, आत्ताच सांगितलं, उजवीकडेच होता.

कोणी मेलं नाही. हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच गंभीर व्हाल. खलाशी पोहत आले, बार्तुल टोप्यांच्या पेटीवर बसून आले, आणि त्यांच्यामागून आठवडाभर टोप्या येत राहिल्या. गावाने त्या पुढची कित्येक वर्षं घातल्या. द्राक्षं तोडताना घातल्या, मासे विकताना घातल्या, गाढवांना कानांसाठी भोकं पाडून घातल्या. असं म्हणतात की नव्या बिशपांची होडी धक्क्याजवळ आली तेव्हा स्वागताला उभं असलेलं गाव पाहून ते होडी मागे वळवा म्हणाले. त्यांना वाटलं, बेट तुर्कांनी घेतलं.

एवढ्या फुकट टोप्या मिळूनही गावाने आमच्या घराण्याचे आभार कधी मानले नाहीत. नाव मात्र चिकटवलं. आम्हाला रस्ता कोणी विचारत नाही. आमची होडी धक्क्याला लागताना लोक कॉफी हातात घेऊन बघायला येतात. सर्वात जास्त सोसलं ते आजोबांच्या वडिलांनी. ते पक्के कम्युनिस्ट. युद्धानंतर मुख्य भूमीवरून पक्षाची समिती आली आणि तिने गावात चौकशी केली की हा माणूस कसा आहे. गाव अगदी निरागसपणे म्हणालं, “तो होय? तो उजवा. त्याचा बाप उजवा. घराणंच उजवं.” त्यांना कोठडीतून सोडवायला पाद्री गेला. कम्युनिस्टासाठी ही गोष्ट कोठडीपेक्षा वाईट.

तर आता त्या जहाजाचं संग्रहालय झालंय. सार्डिनच्या जुन्या कारखान्यात. पाणबुड्यांनी जहाजाचा मागचा भाग सुकाणूसकट वर काढला, तो वाळवायला बरीच वर्षं गेली, आणि शेवटी उद्घाटनाची तारीख ठरली. आदल्या दिवशी गावकऱ्यांनी येऊन बघावं, काही चुकलं असेल तर सांगावं, असा निरोप आला. आमच्या गावाला ‘काही चुकलं असेल तर सांगा’ असं सांगणं म्हणजे काय, ते संग्रहालयासाठी झादर शहरातून आलेल्या बिचाऱ्या मुलीला माहीत नव्हतं.

माझी आजी पेरिना सकाळीच बघून आली. तिला मी नोना म्हणतो, आजोबांना नोनो. नोना माहेरची ‘पोहणाऱ्यां’च्या घरातली. जहाज बुडालं तेव्हा ‘फोर्तुनाता’चं सुकाणू धरणारे ‘सुकाण्या’ शिमुन हे तिचे पणजोबा. ते डोक्यावरची टोपी न भिजवता पोहत किनाऱ्याला आले, म्हणून तिच्या घराला ते मानाचं नाव. सगळं आयुष्य तिने नोनोला जेवणाबरोबर हा एक टोमणा वाढला आहे. चष्मा सापडत नाही? “उजवीकडे बघ, तुमची खासियत आहे.”

“येर्को,” ती दारातूनच म्हणाली, “अभिनंदन. तुमच्या घराण्याची पाटी लागतेय. ‘वाटाड्याच्या चुकीमुळे जहाज बुडालं.’ तीन भाषांत. जर्मनमध्ये तर चूक अजून मोठी वाटते.”

नोनो अंजीर खात होते. त्यांनी ते अर्धं खाली ठेवलं. “पक्की लागली?”

“सध्या कागदावर आहे. संध्याकाळी छापायला जाणार.”

नोनो उठले, रविवारचा कोट घातला आणि मला म्हणाले, “प्रोश्पेर, चल. ते दोन शब्द मला तिथे नकोत. गाव बोलतं ते वाऱ्यावर जातं. भिंतीवर लागलं की तुझी नातवंडं पण वाचतील.”

“मला नातवंडं कुठली? मला अजून मैत्रीण नाही.”

“कशी मिळेल? ‘उजवा’ आहेस,” नोना म्हणाली आणि पर्स घेऊन आमच्या मागे निघाली. हे बघायला ती पायात गोळा आला असता तरी आली असती.

दारातच मेणाचा एक पुतळा होता, लाल टोपी घातलेला. नोनोने त्याला आधी नमस्कार केला. मग तो मेणाचा आहे हे कळल्यावर, केलेला नमस्कार फुकट जाऊ नये म्हणून मागे काम करणाऱ्या सुताराला उद्देशून पुरा केला.

आत झोराना होती. हीच ती झादरची मुलगी, संग्रहालय सांभाळणारी. तिच्या हातात टेप होती आणि चेहऱ्यावर सकाळपासून गाव ऐकून घेतल्याची खूण. ‘बोकडां’नी त्यांच्या गाढवाचा फोटो लावा म्हणून अर्ज दिला होता.

“बार्बा, या,” ती नोनोला म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ‘बार्बा’, म्हणजे काका, म्हणतात. “तुमची काय दुरुस्ती?”

“दोन शब्द. ‘वाटाड्याच्या चुकीमुळे’.”

“तुम्ही कोण?”

“वाटाड्याचा पणतू,” नोनो म्हणाले. मग नोनाकडे बोट करून, “ही सुकाण्याची पणती. आमचं लग्न झालंय.”

“एकमेकांशी?”

“चूक झाली,” नोना म्हणाली. “त्यांच्या घरात होते.”

झोरानाने टेप खाली ठेवली. तिचे डोळे असे चमकले, जणू तिला समुद्रातून अजून एक जहाज मिळालं. “बार्बा, ती पाटी आमच्याकडे जुन्या पुस्तकातून आली. मी ती बदलणारच होते. काल रात्रीच माझ्या लक्षात आलं. इकडे या, हा दांडा धरा.”

जहाजाच्या खऱ्याखुऱ्या, काळ्या पडलेल्या सुकाणूशेजारी तिने शाळेच्या मुलांसाठी एक खेळणं बसवलं होतं. लाकडी दांडा आणि त्याला जोडलेलं टेबलाएवढं छोटं जहाज. नोनोने दांडा धरला.

“आता दांडा उजवीकडे ढकला.”

नोनोने ढकलला. जहाजाचं नाक डावीकडे गेलं.

“त्यात काय?” नोनो म्हणाले. “दांडा एकीकडे, नाक दुसरीकडे. शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“बरोबर. आता ऐका. त्या काळी काही जहाजांवर हुकूम नाकाला असायचा आणि काहींवर दांड्याला. ‘फोर्तुनाता’ ज्या कंपनीची होती, तिच्या सगळ्या जहाजांवर तो दांड्याला असायचा. ‘उजवीकडे’ म्हणजे दांडा उजवीकडे. म्हणजे नाक...”

नोनो हातातल्या दांड्याकडे बघत राहिले. पोरवयापासून ते रोज पहाटे दांडा उजवीकडे ढकलून होडी डावीकडे नेत आलेत. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, त्यांच्याही वडिलांनी तेच केलं. आणि सगळ्यांनी शरमेने मान खाली घालून केलं.

“डावीकडे,” ते हळूच म्हणाले. “खडकापासून लांब.”

“लांब! बार्तुलने अगदी बरोबर हुकूम दिला होता. सुकाण्या त्रिएस्तेला नुकताच जहाजावर चढलेला. त्याआधी सगळं आयुष्य कोळ्यांच्या होडीवर. त्याने ‘उजवीकडे’ ऐकलं आणि सरळ नाकच उजवीकडे नेलं. हे सुकाणू बघा, खडकात अडकून तसंच वळलेलं राहिलंय.”

मी नोनाकडे बघितलं. नोना गप्प होती. मी तिला गप्प बसलेलं याआधी फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिलं होतं, आणि तिथेही ती हातवारे करत होती.

“मग मी पाटी अशी करते,” झोरानाने कागद ओढला. “‘सुकाण्याच्या चुकीमुळे...’”

नोनोने कोटाची बटणं लावली. हा क्षण यावा म्हणून हा माणूस जन्मभर चष्मा शोधत राहिला होता. आता ते काहीतरी भयंकर बोलणार म्हणून मी मागे सरकलो. त्यांनी नोनाकडे बघितलं. ती पर्सची कडी उघडत होती, लावत होती, उघडत होती.

“राहू दे,” नोनो म्हणाले.

“काय राहू दे?”

“आहे ती पाटी राहू दे. आम्हाला सवय आहे. त्यांच्या घराला नाही. नव्याने सुरुवात करायची म्हणजे या वयात जड जातं.”

झोरानाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात पर्स टेबलावर आपटली.

“काय म्हणालास?” नोना म्हणाली. “माझ्या घराण्यावर दया करतोस? तू? लिही ग मुली! ‘शिमुनच्या चुकीमुळे.’ मोठ्या अक्षरांत लिही.”

“लिहू नकोस,” नोनो म्हणाले.

“लिही! आता मरेपर्यंत हा माझ्याकडे भल्या माणसासारखा बघत बसेल. सूप खारट झालं तरी काही बोलणार नाही, नुसता बघेल. मला नको तसला नवरा. शिमुनने बुडवलं. एकट्याने बुडवलं. तुझ्या बार्तुलच्याने एक होडगंसुद्धा बुडलं नसतं!”

“बार्तुलच्याने?” नोनोचा आवाज चढला. “अगं, हुकूम कोणाचा होता? नवीन पोरगं सुकाणूवर आहे, हे वाटाड्याला दिसायला नको? समजावून सांगायला नको? जबाबदारी वाटाड्याची! वाटाड्यानेच बुडवलं!”

“शिमुनने!”

“बार्तुलने!”

मेणाच्या पुतळ्यामागून सुतार बाहेर आला आणि खोका उलटा करून त्यावर बसला. दारात ‘दीडशहाणे’ जमा झाले. कोणीतरी कॉफी आणली. गेली दीडशे वर्षं जे पाप एकाच घराच्या अंगणात पडून होतं, ते आता दोघंही दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत होते, आणि दोघांचेही गाल असे लाल झाले होते की टोप्यांची आठवण यावी. नोना मध्येच थांबून नोनोची वाकडी कॉलर सरळ करत होती आणि पुन्हा ओरडायला लागत होती.

झोराना अडाणी नव्हती. तिने बाजूला बसून शांतपणे लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं: “‘फोर्तुनाता’ १८६९ साली म्हातारीच्या दातावर आपटून बुडाली. कोणाच्या चुकीमुळे, याचा मान मिळवण्यासाठी दोन घराण्यांत वाद आहे.”

दोघं थांबले. नोनोने कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला. नोनाने त्यांच्या खांद्यावरून वाचला.

“‘मान’ चांगला आहे,” नोना म्हणाली.

“चांगला आहे,” नोनो म्हणाले. “पण घराण्यांची नावं घाल. नाहीतर ‘बोकड’ म्हणतील, आम्हीच बुडवलं.”

“घालते. पाटीवर एक नाव या बाजूला, एक त्या बाजूला. बार्बा, तुमचं घर कुठल्या बाजूला लिहू?”

“हे काय विचारणं झालं? उजवीकडे.”

झोराना पेन उचलून सुकाणूकडे वळली, मग लोकांकडे, मग पुन्हा सुकाणूकडे.

“बघणाऱ्याच्या उजवीकडे,” तिने जपून विचारलं, “की जहाजाच्या?”

दारातले ‘दीडशहाणे’ एका सुरात म्हणाले, “जहाजाच्या.” सुतार म्हणाला, “बघणाऱ्याच्या.” मी नोना-नोनोसाठी खुर्च्या आणायला गेलो.