खुशालीचा निरोप

कोपरखैरण्याच्या गोजराने एकाच मांडवात दोन लग्नं उरकली, तेव्हा खाडीच्या दोन्ही अंगांना तिच्यासारखी शहाणी बाई नाही, असं गावाने म्हटलं. गाव असं चटकन म्हणतं आणि पुढे काही बिनसलं की तितक्याच चटकन विसरतं. गोजराचा नवरा मिठागरावर राबता राबता गेला होता. मागे राहिले मुलगा गोटीराम आणि मुलगी जमुना. मुलाचं लग्न करायचं तर मुलीकडच्यांना देज द्यायचं, ही त्यांच्यातली रीत. आणि गोजराकडे देजाच्या नावाने चुलीतली राख होती. मोरा गावच्या यशोदाबाईची गतही तीच. तिलाही एक मुलगा, धर्मराज, आणि एक मुलगी, चंदा. मग दोघी विहिणींनी साटंलोटं केलं. चंदा इकडे सून म्हणून आली, जमुना तिकडे गेली, कुणी कुणाला काही दिलं नाही. ही छप्पन्न सालची गोष्ट.

साट्यालोट्यातली एक गोष्ट मांडवात कुणी बोलत नाही, आणि ठाऊक मात्र सगळ्यांना असते. दोन्ही मुली कावडीच्या दोन घागरींसारख्या. एकीला धक्का लागला की दुसरीतलं पाणी सांडणारच. पहिल्या गौरीला गोजराने चंदाला जरा जाडंभरडं लुगडं घेतलं. त्याच गौरीला जमुना माहेरी आली ती तसंच जाडंभरडं लुगडं नेसून. रंगही तोच. गोजरा काय समजायचं ते समजली आणि पुढच्या वर्षी तिने चंदाला ठाण्याच्या बाजारातून चांगलं नऊवारी आणलं. शेजारच्या सखूनेही साटंलोटंच केलेलं, पण तिला एवढीही समज नव्हती. तिच्या मुलाने बायकोला रागाने माहेरी घालवली, तर आठव्या दिवशी सखूची स्वतःची मुलगी बोचकं घेऊन वेशीवर उभी. तिच्या नवऱ्याचं तिच्याशी भांडण नव्हतं, वाकडा शब्दही नव्हता. पण बहीण परत आली म्हणजे बायको परत जायची. पंचांनी दोन्ही जोडप्यांची काडी मोडली आणि चार माणसांचे संसार दुपारच्या जेवणाआधी निकालात काढले.

तेव्हापासून गोजराचा जीव मोऱ्यात अडकून होता. मोरा काही जवळ नाही. ओहोटीबरोबर निघालं तर शिडाचा पडाव दुपारी लागतो, आणि शेताखाडीच्या कामातून गोजराला पाच वर्षांत दोनदाच जायला जमलं होतं. बाकी सगळा आधार देवजी तांडेलाचा. त्याचा पडाव मीठ, पेंढा, कौलं घेऊन खाडीत वरखाली करायचा. पडाव सुटताना गोजरा बंदरावर जाऊन त्याला सांगायची, "यशोदाबायला सांग, चंदा खुशाल हाय." पंधरा दिवसांनी देवजी परत आला की खांद्यावरचा पंचा झटकत म्हणायचा, "जमुना खुशाल हाय." एवढ्या तीन शब्दांवर ती बाई पुढचा पंधरवडा काढायची.

जमुनाला मुलगा झाला, कान्हा. चंदाची कूस काही उजवली नाही. आणि इथे गोटीरामाचं डोकं फिरलं. पावसाळ्यात मिठागर बंद, हाताला काम नाही. दारूबंदीचे दिवस, म्हणून तिवरांच्या आड भट्ट्या लागलेल्या. सरकारने बंद केलेली दारू खाडीत जेवढी मिळायची तेवढी उघड्यावर कधी मिळाली नसती. गोटीराम पिऊन यायचा आणि बायकोवर हात टाकायचा. वांझ म्हणायचा. गोजरा मध्ये पडायची, एकदा तर तिने त्याच्या पाठीत मुसळ घातलं होतं. पण तिचं सगळं बळ त्याला अडवण्यापेक्षा ते झाकण्यात जास्त गेलं, हे खरंच सांगायला हवं. ती दार लावून घ्यायची, शेजारणींना हसून काहीतरी सांगायची आणि मग चंदाच्या पाठीला हळद-तेल चोळत बसायची.

"मना म्हायेरी पाठवा, आत्या," चंदा एकदा म्हणाली.

"तू गेलीस की माजी जमुना तिथं उभी ऱ्हात नाय गं. तिच्या पदरात पोर हाय."

चंदा पाठ करून बसली. गोजराने तिचे केस मोकळे केले, तेल घातलं, वेणी घातली. सुनेला इतकं जपणारी सासू गावात दुसरी नव्हती. मात्र ते जपणं मायेचं किती आणि भीतीचं किती, हे गोजरालाही सांगता आलं नसतं.

एकसष्ट साली अखेर चंदाला दिवस गेले. गोजराने खाडीवरच्या देवाला नारळ बोलला. चौथा महिना संपत आला होता आणि आषाढ धो धो कोसळत होता. त्या दुपारी गोटीराम प्यायला पैसे मागत आला, चंदाकडे नव्हते, आणि त्याने तिच्या पोटात लाथ घातली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. गोजराने परसात खड्डा खणून ते गाठोडं पुरलं, त्यावर दगड ठेवला आणि हात धुऊन आत आली. चंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने काही मागितलं नाही, माहेरचं नावही काढलं नाही. गोटीरामाची शुद्ध आल्यावर तो ओटीवर बसून हमसाहमशी रडला. असले पुरुष रडतातही फार छान.

आषाढात पडाव बंद असतात, हे गोजराच्या पथ्यावर पडलं. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला आणि देवजीने शीड चढवलं. आता निरोप द्यायला हवा होता. चंदाचं पोट मोकळं झालंय, हे आज ना उद्या मोऱ्याला कळणारच. गोजराने रात्रंदिवस विचार करून साधंसंच कारण शोधलं. गावच्या विहिरीच्या काठाला पावसाळ्यात हातभर शेवाळ चढतं, तिथे दरसाल कुणी ना कुणी पडतंच.

"सांग," ती देवजीला म्हणाली, "चंदा विहिरीवर पाय घसरून पडली. पोट राह्यलं नाय. आता खुशाल हाय."

देवजीने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मान हलवली आणि पडाव लोटला.

तो भाद्रपदात परत आला. गोजरा चिखल तुडवत बंदरावर गेली. देवजीने पंचा झटकला.

"जमुना विहिरीवर पाय घसरून पडली. हात मोडला. आता खुशाल हाय."

गोजरा तिथेच मिठाच्या गोणीवर बसली. तिचेच शब्द, तीच विहीर, तोच घसरलेला पाय. फक्त नाव बदलून परत आले होते. म्हणजे यशोदाबाईला सगळं कळलं होतं, आणि तिने तसल्याच लुगड्याला तसलंच लुगडं पाठवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ज्या बाईने महिनाभरापूर्वी विहिरीची थाप मारली, तिला जगातल्या कुठल्याच विहिरीवर कुणाचा पाय खरोखर घसरू शकतो हे पटणार कसं? देवजीला नीट विचारावं एवढंही भान तिला उरलं नाही. तो तरी काय सांगणार होता? तो निरोप बंदरावर घेणारा माणूस.

त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. आज हात मोडला, उद्या काय मोडतील? पाच वर्षं तिने चंदाला इथे धरून ठेवलं ते जमुना तिथे सुखात राहावी म्हणून, आणि ते सुख आता हातासकट मोडलं होतं. मुलीला आणायची तर एकच वाट होती. त्यांची दिल्याशिवाय आपली मागता येत नाही. कान्हाचं काय, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो ढकलून दिला. पोर आईविना जगतं. पण आईच राहिली नाही तर?

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताना तिने चंदाचं बोचकं बांधलं.

"कुठं, आत्या?"

"म्हायेरी. तुजी सुटका झाली."

गोटीराम ओटीवर घोरत होता. त्याला कुणी उठवलं नाही.

पडावात दोघी पेंढ्याला टेकून बसल्या. वाशीचं बंदर मागे पडलं, खाडी रुंदावली, वारा खारट झाला. चंदाच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता आणि तो पाहून गोजराला लाज वाटली. तिने चंदाचा हात हातात घेतला.

"पाच वर्सं मी तुला गप ऱ्हायला सांगितलं. आता काय लपवू नको. आईला सगलं सांग, लाथेचं बी सांग."

"खरंच सांगू?"

"सांग. मी समोर उभी ऱ्हाते."

मोऱ्याच्या धक्क्यावर उतरताच चंदा बोचकं घेऊन पुढे धावली. गोजराचे पाय अवघडले होते, ती मागून सावकाश निघाली. वाटेत गावची विहीर लागते. तिथे बायकांचा हशा चालला होता. त्यांच्या घोळक्यात एक दांडगा गडी खाली मान घालून पाणी शेंदत होता. तो धर्मराज होता, तिचा जावई. त्याने एक घागर खांद्यावर घेतली, दुसरी हातात.

"किती दिस पानी भरनार रं बायकोचं?" एक म्हातारी म्हणाली. "आता लुगडं बी नेस."

"हात सांधेपर्यंत भरतो, काकी," तो म्हणाला. "ही कड तासून घ्या म्हनून दोन वर्सं वरडतोय मी. माज्या डोल्यादेखत पडली ती."

गोजरा दोन पावलं विहिरीकडे गेली. विहिरीच्या कडेला ताज्या छिन्नीच्या खुणा होत्या. शेवाळ खरवडून दगड नुकताच खडबडीत केलेला दिसत होता. धर्मराजाने तिला पाहिलं, घागर खाली ठेवली आणि पाया पडला. "तुमी कशा आल्या? निरोप मिलाला ना? तुमी घाबरू नये म्हनून खुशाल हाय असं मुद्दाम सांगाया लावलं मी."

ती धावली. त्या वयात, त्या पायांनी जेवढं धावता येईल तेवढी. चंदाला गाठायचं, तिच्या तोंडावर हात ठेवायचा, सहज चार दिवस आलो म्हणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण तिने दारात पाऊल टाकलं तेव्हा चंदा आईच्या गळ्यात पडून बोलत होती. पाच वर्षांचं साठलेलं, एका दमात. यशोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. चुलीपाशी जमुना उभी होती. डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, उजव्या हातात कान्हाच्या भाताची थाळी. अंगाने भरली होती ती. सुखात असलेली बाई ओळखू येतेच.

चंदाचं बोलणं थांबल्यावर यशोदाबाई गोजराकडे वळली.

"विहीनबाय, चंदा विहिरीवर पडली असं तुमी कलवलंत."

गोजराने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तुमची पोर आमी फुलासारखी ठेवली. का? तुमचा निरोप खरा मानला म्हनून." तिचा आवाज चढला नव्हता. "आता आमची आली. तुमची तुमी न्या."

"माजं चुकलं, तिचं नाय," गोजरा म्हणाली. "मना शिक्षा करा. तिला ऱ्हाऊ द्या."

"आणि भावकीला काय सांगू? आमच्या पोरीच्या पोटात लाथा घालनाऱ्याची भन आमच्यात राज्य करते?"

तेवढ्यात धर्मराज घागरी घेऊन दारात आला. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने त्याला पुन्हा सारं सांगितलं. तो बायकोकडे पाहत राहिला. तो काही बोलेल, अशी जमुनाने बराच वेळ वाट पाहिली. धर्मराज चांगला माणूस होता. पण रीतीपुढे चांगल्या माणसाचीही जीभ टाळूला चिकटते. त्याने घागरी कोपऱ्यात ठेवल्या आणि तो पाठमोरा झाला.

पोर बापाचं, यात तर बोलायचंच काही नव्हतं. संध्याकाळच्या भरतीला पडाव सुटला तेव्हा कान्हा चंदाच्या कडेवर होता. आई मामाच्या गावाला जाते, असं त्याला सांगितलं होतं, म्हणून तो रडला नाही. उलट त्याने हात हलवला. चंदाने मात्र पडावाकडे पाहिलं नाही. आपल्या सुटकेसाठी काय गेलं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

करंजाचा डोंगर दिसेनासा होईपर्यंत जमुना धक्क्याकडे तोंड करून बसली. मग तिने विचारलं, "आये, तू एवढी का घाबरलीस? मी विहिरीवर पडले, असंच तर सांगितलं होतं."

"मना वाटलं, खोटं सांगतात."

"का?"

गोजरा खाली पाण्याकडे बघत राहिली.

आठ दिवसांनी पंच बसले आणि दोन्ही काड्या मोडल्या. गोटीराम त्या दिवशी शुद्धीवर होता, म्हणून त्याला पश्चात्तापही झाला. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. जमुनाचा हात सांधला, जरा वाकडाच. घरात ती सगळं काम करायची, आईला हवं नको बघायची, गोजराचे केस विंचरून द्यायची. एका शब्दाने तिने आईला बोल लावला नाही. लावला असता तर गोजरा पायावर तरी पडली असती.

कार्तिकात एका सकाळी देवजी दारात आला. बंदरावर आता निरोप द्यायला कुणी येत नव्हतं, म्हणून तोच आला होता.

"मोऱ्याला चाललोय," तो ओटीखाली उभा राहून म्हणाला. "तो कान्हा रोज धक्क्यावर येतो. पडाव लागला की इचारतो, आई कशी हाय. काय सांगू त्याला?"

गोजराने आत पाहिलं.

आतून, जात्याची घरघर न थांबवता, जमुना म्हणाली, "सांगा, खुशाल हाय."