एका तंगडीचा आठवडा

रविवारी दुपारी ओव्हनमधून मटणाची अख्खी तंगडी खरपूस भाजून बाहेर आली आणि तेवढ्यात फोन वाजला. लेकीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील आज पहिल्यांदा जेवायला येणार होते. त्यांची गाडी वाटेतच बंद पडली होती.

"याच आठवड्यात येऊन जातील म्हणे," लेक हिरमुसून म्हणाली.

तिची आई शिवणकाम करायची. शुक्रवारी एका नाटक कंपनीचे पोशाख द्यायचे होते. जेवणं उरकल्यावर तिने जाहीर केलं, "उद्यापासून मी मशीनवरून उठणार नाही. स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा."

नवरा वेल्डर. स्वयंपाकात त्याची धाव चहापर्यंत. पण समोर एवढी मोठी तंगडी उरलेली बघून त्याला एकदम चेव आला. "मी बघतो! शुक्रवारपर्यंत बाहेरचा घास घरात येणार नाही."

"आधी मीठ कुठल्या डब्यात असतं ते सांगा."

त्याने ऐटीत बोट दाखवलं. साखरेच्या डब्याकडे. मायलेकी हसून लोटपोट झाल्या.

गडी मागे हटला नाही. त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची.

"आत्ताच हाडावरून सगळं काढ," ताई म्हणाली. "चकत्या वेगळ्या, चुरा वेगळा. गुरुवारचं आजच फ्रीजरमध्ये टाक. शिजलेलं मटण परत शिजवत बसू नकोस, चामडं होईल. शेवटी घाल आणि चांगलं वाफवून घे. आणि हाड फेकलंस तर माझ्याशी गाठ आहे!"

सोमवारी पावात चकत्या, काकडी आणि मिरपूड. बायकोने एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने खाल्लं. मंगळवारी कांदा-बटाटे लालसर परतून त्यात मटणाचे बारीक तुकडे. वर्कशॉपमध्ये तो दिवसभर त्याचंच पुराण लावून बसला, सोबती कानांवर हात ठेवून पळाले. बुधवारी रश्शासाठी हाड गाजर-कांद्याबरोबर मंद आचेवर ठेवलं, आणि तो वास घरभर पसरला तशी बायको मशीन सोडून आपणहून स्वयंपाकघरात आली.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय, शेजाऱ्यांनी?" त्याची छाती फुगली.

गुरुवारी संध्याकाळी उरला होता मूठभर चुरा आणि पातेलंभर रस्सा. तिघांना भाताबरोबर पुरला असता. पण दारावरची बेल वाजली.

दारात मुलगा आणि त्याचे आईवडील! बायकोच्या तोंडात टाचण्या, खुर्च्यांवर राजाचे झगे, जमिनीवर चिंध्या. सगळ्यांची तारांबळ उडाली.

"बाबा, बाहेरून मागवू?" लेक कुजबुजली.

"खबरदार! बटाटे उकडायला टाक."

त्याने चुरा बारीक केला. उकडलेले बटाटे, शिळ्या पावाचा चुरा, कांदा, अंडं, सगळं एकत्र मळलं. तांदूळ रश्शातच शिजायला टाकले. पहिली टिक्की तव्यात विस्कटली तसा त्याला घाम फुटला. दारातून बघत असलेले मुलाचे वडील बाह्या सरसावून आत आले. "तवा अजून तापू द्या. आणि उलथायची घाई नको."

दुसरी टिक्की कुरकुरीत निघाली. दोघेही लहान पोरांसारखे ओरडले.

ताटल्या मांडीवर घेऊन सगळे झग्यांच्या ढिगांमध्ये बसले. टिक्क्या बघता बघता संपल्या.

"मटण कुठून आणता हो?" मुलाच्या आईने विचारलं.

बायकोने नवऱ्यावर डोळे वटारले. पण त्याला खोटं सुचेना. "रविवारचंच आहे. तुमच्यासाठीच भाजलं होतं."

 ती बाई खो खो हसत सुटली. "म्हणजे आमची गाडी रुसली आणि तुमची आठवडाभर चंगळ झाली!"

जेवल्यावर तिने न विचारता सुई ओवली आणि झग्यांना बटणं लावायला बसली. "विहीणबाई, इकडे द्या तो निळा," ती सहज बोलून गेली. लेकीने मुलाकडे बघितलं. दोघांचे चेहरे लालबुंद!

निघताना मुलाचे वडील म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्याकडे. कोंबडी भाजतो."

"चांगली मोठी बघा," वेल्डर त्यांचा हात घट्ट धरून म्हणाला. "खरी मजा सोमवारपासून असते."