मागे कोण राहिलं?

माझ्या नवऱ्याचा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. फुटबॉलमध्ये अशा माणसाला बचावपटू म्हणतात आणि त्याचा पगारही देतात. गोल करणाऱ्यांचे फोटो हात पसरून धावताना छापून येतात. माझ्या नवऱ्याचा आलाच तर त्यात तो कुणाची तरी जर्सी ओढताना सापडतो. आमच्या लग्नानंतर त्याने जे काही गोल केले, त्यातले बरेचसे आपल्याच गोलकीपरला चकवून केले. नाक दोनदा मोडलं, दोन्ही वेळा आधीपेक्षा बरं दिसायला लागलं. गुडघ्याचं मात्र विचारू नका. सकाळी तो जिना उतरायला लागला की खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बघते, कपाट कुणी हलवतंय का.

पण एका बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सापळा लावण्यात. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण लग्नाच्या वेळी मलाही कळत नव्हता. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी समोरचा गडी आमच्या शेवटच्या बचावपटूलाही ओलांडून आमच्या गोलकडे गेलेला असेल, तर त्याचा गोल धरत नाहीत. म्हणून चेंडू सुटायच्या अगदी आधी आमचे चौघे बचावपटू एका रेषेत झपकन पुढे सरकतात आणि तो गडी तिकडे एकटाच उरतो, समारंभाला आदल्या दिवशीच येऊन पोचलेल्या पाहुण्यासारखा. कधी सरकायचं ते नवरा ठरवायचा. "वर!" म्हणून ओरडायचा आणि कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या लाइनमनला दिसेल असा हात उंच करायचा. चौघांपैकी एक जरी मागे राहिला, तर सगळं मुसळ केरात.

क्लब आम्हा बायकांना पास द्यायचा ते उन्हातल्या कोपऱ्यातले. पण उत्तरार्धात आमची बचावाची रेषा नेमकी माझ्या नाकासमोर असायची. इतक्या वर्षांत कोण पुढे, कोण मागे, हे मला लाइनमनच्या आधी कळायला लागलं होतं. नवरासुद्धा घरी आल्यावर मलाच विचारायचा. चुकला असेल तर मी तोंडावर सांगायचे, मग तो अर्धा तास फुगून बसायचा.

यंदा हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी कोचने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मागच्या फळीत दोन म्हातारे नकोत. एकच ठेवणार." कोच माझ्या नवऱ्याहून वयाने लहान आणि ते कुणाला विसरू देत नाही. दोन म्हाताऱ्यांपैकी एक माझा नवरा. दुसरा डावा. तो डाव्या बाजूला खेळतो म्हणून त्याला सगळे डावाच म्हणतात, त्याच्या बायकोसकट. गरीब माणूस. नवऱ्याला दादा म्हणतो, मला वहिनी. दोघं सरावाला एकाच गाडीतून जायचे आणि येताना एकमेकांची पाठ चेपायचे.

त्यात शेवटचा सामना पडला माझ्या धाकट्या भावाच्या संघाशी. भाऊ पुढे खेळतो, गोल करतो, केसांना काय काय लावतो. आई माझ्या शेजारी बसली होती. ती मुलालाही टाळ्या वाजवत होती आणि जावयालाही. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून विचारलं, "आजी, तुमचा संघ कुठला?" आई म्हणाली, "ज्याच्या पायात चेंडू असेल तो."

उत्तरार्ध संपत आला तरी गोल नव्हता. त्यांच्या एकाने मधून चेंडू पुढे टाकायला पाय उचलला. नवरा ओरडला, "वर!" तिघं पुढे सरकले. नवऱ्याचा हात वर गेला. नवरा गेला नाही. त्याचा गुडघा त्याच्या हातापेक्षा एका पावलाने मागे राहिला. भाऊ सुटला, गोल झाला. लाइनमनचा झेंडा खालीच होता, आणि माझा नवरा हात उंच धरून पुतळ्यासारखा उभा. मग तो डाव्याकडे वळून गरजला, "राहिलास ना मागे!" डाव्याने मान खाली घातली. "सॉरी दादा," म्हणाला.

आम्ही त्या एका गोलने हरलो. क्लबचा कॅमेरा ज्याच्या हातात होता तो महाभाग गोल झाल्यावर जागा झाला, म्हणून पुन्हा बघायची सोय नव्हती. गाडीत नवऱ्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं नाही. मीही तोंडाला कुलूप लावून बसले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो मैदान सोडून काय करील, याची मला कल्पनाच करता येत नव्हती. एरवी मीच त्याला रोज म्हणायचे, सोड आता.

दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला आला, कौतुक करून घ्यायला. तेवढ्यात नवरा क्लबमधून परतला आणि आल्या आल्या मला उचललंच. "आणखी एक वर्ष!" तो म्हणाला. "कोच म्हणाला, डाव्याच्या चुकीने गोल गेला, तू राहा."

"आणि डावा?" मी विचारलं.

"त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण मागे राहिला तो राहिलाच."

ते सिद्ध करायला त्याने टेबलावर चार कप मांडले आणि मिठाची बाटली माझा भाऊ म्हणून उभी केली. "हा मी. हे दोघं. आणि हा बघ, हा गाढव इथे." ताट म्हणजे आमचा गोल, डाव्याचा कप त्याने पार त्याला टेकवला. भाऊ खाली मान घालून जेवत होता. तो जेवताना कधी गप्प नसतो.

मला राहवेना. मी डाव्याचा कप उचलून पुढे ठेवला आणि नवऱ्याचा मागे ओढला.

"हे काय?"

"मी समोर बसले होते. मागे तू राहिलास."

तो भडकला. "तुला मी घरी बसायलाच हवा आहे! कधीपासून मागे लागली आहेस!" मग भावाकडे वळला. "तू सांग रे हिला. तू तर शेजारीच होतास."

भावाने घास गिळला. "भावोजी, जाऊ द्या ना."

"सांग म्हणतो ना!"

"मी मुद्दामच तुमच्या बाजूला उभा राहिलो होतो," भाऊ पुटपुटला. "आमच्या कोचने सांगितलं होतं. तुमचं पहिलं पाऊल उशिरा पडतं, हे आता सगळ्याच संघांना माहीत आहे."

नवऱ्याने कपांकडे पाहिलं. मला वाटलं आता टेबल उलथतो. पण त्याने फोन उचलला, डाव्याला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"तू पुढे आला होतास का रे?"

"मला तसं वाटलं होतं, दादा."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तुम्ही हात वर केला होता ना," डावा म्हणाला. "तुम्ही हात वर केलात म्हणजे मीच चुकलो असेन."

नवऱ्याने फोन ठेवला. मग कोचला फोन लावत तो बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला नुसती त्याची पाठ दिसत होती. एरवी कोचशी बोलताना तो हातवारे करतो, भांडतो. आज एक हात खिशात घालून सरळ उभा होता. आत आला तेव्हा भावाने उगीच पाण्याचा ग्लास पुढे केला.

"कोच डाव्याला परत घेतोय," तो म्हणाला. "मला म्हणाला, उद्या लॉकर रिकामा कर."

इतकी वर्षं मी ज्यासाठी त्याच्या डोक्याशी भुणभुण केली ते झालं होतं, आणि मी पदर तोंडाशी धरून ओक्साबोक्शी रडत होते. मीच बोलले नसते तर! तो शेजारी येऊन बसला. गुडघा कपाटासारखा वाजला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "लाइनमनला शिव्या घाल. बरं वाटतं."

मी घातल्या. चांगल्या सणसणीत घातल्या. मग तोही सुरू झाला, आणि थोड्या वेळाने माझा भाऊसुद्धा.